वेंधळा हिरो, गुप्तहेर आणि १८१४ चं लंडन : हलकीफुलकी रीजन्सी प्रेमकादंबरी कशी लिहायची

रीजन्सी प्रेमकादंबरी लिहायची म्हटलं की बहुतेक जण आधी ड्रेस, बग्ग्या आणि बॉलडान्सचे फोटो गोळा करायला लागतात, मग त्यात एक हेर घालतात, मग हिरो विनोदी हवा म्हणून त्याला दोनचार वेळा पाडतात, आणि शंभरेक पानांनंतर लक्षात येतं की प्रेम एकीकडे चाललंय, हेरगिरी दुसरीकडे आणि विनोद तिसरीकडेच बसलाय. माझं म्हणणं एकच आहे आणि खाली सगळीकडे तेच येणार आहे : हिरोचा वेंधळेपणा हाच कथेचा सांधा असला पाहिजे. त्याची प्रत्येक मोठी चूक हेरगिरीचं काम पुढे किंवा मागे न्यायला हवी आणि त्याच चुकीने हिरोईनशी नातंही बदलायला हवं. हे जमलं की बाकी रिसर्च करून भरता येतं.

एक उदाहरण घेऊन सगळं दाखवते, म्हणजे नुसत्या सूचना राहणार नाहीत. हिरोला ऑगस्टस म्हणूया, हिरोईनला हेनरिएटा. दोघं पूर्ण काल्पनिक. काळ आणि नियम मात्र खरे.

आधी वर्ष ठरवा, आणि वर्षाच्याही आधी महिना

रीजन्सी म्हणजे काटेकोर अर्थाने ५ फेब्रुवारी १८११ ते २९ जानेवारी १८२०. राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे राज्य चालवू शकत नव्हता म्हणून युवराज रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने राज्य चालवणारा, झाला, आणि राजा वारल्यावर तोच चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला. या नऊ वर्षांत हवा सतत बदलत होती. १८१२ च्या मे महिन्यात पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा हाऊस ऑफ कॉमन्सच्या लॉबीत गोळी घालून खून झाला, १८१५ च्या जूनमध्ये वॉटर्लूची लढाई झाली, १८१६ मध्ये उन्हाळाच नीट आला नाही आणि पिकं बुडाली. १८१२ च्या मेमधली पार्टी आणि १८१६ च्या जुलैमधली पार्टी यात लोक वेगळ्या गोष्टी बोलणार, वेगळ्या गोष्टींना घाबरणार. म्हणून "साधारण १८१० च्या दशकात" असं धूसर ठेवू नका.

हेरगिरीसाठी मला १८१४ फार आवडतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला थेम्स नदी इतकी गोठली की बर्फावर जत्रा भरली, दुकानं लागली, छापखान्याची यंत्रं नेऊन लोकांना आठवण म्हणून छापील कागद विकले गेले. नेपोलियन अजून फ्रान्समध्ये लढतोय, ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनची फौज दक्षिण फ्रान्समध्ये शिरलीय. मार्चअखेर पॅरिस पडतं, एप्रिलमध्ये नेपोलियन गादी सोडतो, जूनमध्ये रशियाचा झार आणि प्रशियाचा राजा लंडनला येतात आणि शहर अक्षरशः वेडं होतं. म्हणजे भीती, उत्सुकता, जल्लोष, सगळं सहा महिन्यांत मिळतं.

आणि २१ फेब्रुवारी १८१४, सोमवार. ही तारीख तर कादंबरीकाराला आयती मिळालेली आहे. त्या दिवशी पहाटे डोव्हरला लष्करी अधिकाऱ्याच्या वेशात एक माणूस आला आणि सांगू लागला की नेपोलियन मारला गेला. बातमी लंडनला पोचली, सरकारी रोख्यांचे भाव चढले, दुपारी सगळं खोटं निघालं. शेअर बाजारातली फसवणूक होती ती, आणि त्यात पुढे लॉर्ड कॉक्रन या नामांकित नौदल अधिकाऱ्यालाही शिक्षा झाली, नंतर १८३२ मध्ये माफी मिळाली. एक बारकावा बघा : त्या तोतयाने डील या केंट किनाऱ्यावरच्या गावी असलेल्या अॅडमिरलला पत्र पाठवलं होतं, कारण डीलपासून लंडनच्या अॅडमिरल्टीपर्यंत, म्हणजे नौदलाच्या मुख्य कचेरीपर्यंत, टेकड्यांवर सहा-सहा झडपांच्या चौकटींचा टेलिग्राफ होता, हवा स्वच्छ असली की संदेश काही मिनिटांत जायचा. पण त्या दिवशी हवा धूसर होती आणि टेलिग्राफ चाललाच नाही. असे बारकावे हाताशी असले की प्लॉटला योगायोग शोधत बसावं लागत नाही.

एका वहीत तारखांचा तक्ता करा, डाव्या बाजूला खऱ्या घटना, उजव्या बाजूला तुमच्या. माझ्या उदाहरणात कथा बर्फावरच्या जत्रेत सुरू होते आणि २१ फेब्रुवारीला स्फोट होतो. पुढे जूनपर्यंत निस्तरणं आणि प्रेम.

गुपित हातात धरता येईल इतकं छोटं ठेवा

"इंग्लंड धोक्यात आहे" हे गुपित नाही. गुपित म्हणजे एक कागद, एक तारीख, एक बोटीचं नाव. हलक्याफुलक्या कादंबरीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण कागद हरवतो, भिजतो, चुकीच्या खिशात जातो, आणि वेंधळ्या माणसाच्या हातात कागद देणं म्हणजे अर्धा सीन तिथेच तयार.

खरा आधार हवा असेल तर सोनं घ्या. वेलिंग्टनच्या फौजेला फ्रान्समध्ये रोख नाणी लागत होती, लुटालूट न करता गावकऱ्यांना पैसे देऊन धान्य घ्यायचं असा त्याचा आग्रह होता. जानेवारी १८१४ मध्ये सरकारने बँकर नेथन रॉथशिल्डकडे गुपचूप सोन्याची नाणी जमवून फौजेपर्यंत पोचवायचं काम दिलं. आणि उलट बाजूला केंट किनाऱ्यावरचे चोरटे व्यापारी वल्ह्यांच्या वेगवान बोटींतून इंग्लिश गिनी (सोन्याची नाणी) फ्रान्सला नेऊन विकत होते, नेपोलियनने त्यांना आधी डंकर्क आणि मग ग्रॅव्हलीन बंदरात मुद्दाम थारा दिला होता, कारण सोन्याबरोबर इंग्लिश वर्तमानपत्रं, पत्रं आणि माणसंही यायची. तर आपलं गुपित : सोन्याची पुढची खेप कधी आणि कुठून निघणार ती तारीख. ती लंडनमधल्या कुणाच्या तरी घरातून डीलला जातेय, तिथून बोटीने पलीकडे.

आता हे पकडणार कोण? १८१४ मध्ये आजच्यासारखी एक मोठी गुप्तहेर संस्था नव्हती. १७९३ पासून एलियन ऑफिस होतं, परदेशी लोकांची नोंद ठेवणारं, आणि त्याआडून बरीच हेरगिरी चालायची. लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या मुख्य टपाल कचेरीत सीक्रेट ऑफिस होतं, जे पत्रं उघडून, नक्कल करून, परत सील लावून पाठवायचं. त्याच्याच जोडीला सांकेतिक लिपी सोडवणारी शाखा होती, ती १८४४ पर्यंत टिकली. रणांगणावर जॉर्ज स्कोव्हेल नावाच्या अधिकाऱ्याने १८१२ मध्ये फ्रेंचांची मोठी आकडेवाली लिपी बऱ्याच अंशी फोडली होती. म्हणजे तुमचा हिरो "ब्रिटिश सीक्रेट सर्व्हिसचा एजंट" वगैरे नको, तो दोनतीन टेबलांच्या एखाद्या कचेरीतल्या कुणा त्रासलेल्या अधिकाऱ्याने नाइलाजाने बोलावलेला माणूस असू दे. ते खरंही आहे आणि गमतीचंही.

धोका मात्र खरा ठेवा. युनिफॉर्ममध्ये पकडला गेलेला अधिकारी युद्धकैदी, साध्या कपड्यात पकडला गेलेला माणूस हेर, आणि हेराला फाशी. कोक्हून ग्रँट हा वेलिंग्टनचा टेहळणी अधिकारी १८१२ मध्ये फ्रेंचांच्या हाती लागला तेव्हा तो युनिफॉर्ममध्ये होता म्हणून वाचला. हिरो हसवणारा असला म्हणून फाशीचा दोर विनोदी होत नाही. वाचकाला खरी भीती वाटली तरच त्याला हसून मोकळं व्हावंसं वाटतं.

हिरो : एकच वेंधळेपणा, एकच हातखंडा

इथे जास्तीत जास्त वेळ द्या, खरंच सांगते, महिनाभर गेला तरी चालेल.

पहिली गोष्ट, वेंधळेपणाचं सोंग घेतलेला हिरो हा वेगळा प्रकार आहे. आतून चलाख, बाहेरून बावळट. तो तुम्हाला लिहायचा असेल तर जरूर लिहा, पण मग ती फसवणुकीची कथा होते. आपला हिरो खरोखर वेंधळा आहे, आणि शेवटपर्यंत तसाच राहणार. प्रेमात पडल्यावर अचानक सफाईदार झाला तर वाचकाने ज्याच्यावर जीव लावला तो माणूसच तुम्ही गायब केलात.

दुसरं, सगळे वेंधळेपणे एकाच माणसात कोंबू नका. शरीराचा (धडपडणं, सांडणं), लक्षात राहण्याचा (नावं, चेहरे, वेळा), आणि जिभेचा (नको तिथे खरं बोलून जाणं). यातला एक मुख्य आणि एक तोंडी लावायला. ऑगस्टसला चेहरे लक्षात राहत नाहीत, कालच ज्यांच्याकडे जेवला त्या बाईंना आज नव्याने ओळख करून देतो. आणि कोपर. त्याच्या कोपराला खोलीचा अंदाज नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं : असल्या माणसाला कुणी कामाला का लावेल? याचं पटणारं उत्तर नसेल तर कादंबरी उभीच राहत नाही. त्याला एक गोष्ट अशी यायला हवी की जी दुसऱ्या कुणालाच येत नाही, आणि ती त्याच्या वेंधळेपणाच्या शेजारीच बसलेली हवी. ऑगस्टसला चेहरे आठवत नाहीत पण एकदा पाहिलेलं हस्ताक्षर तो विसरत नाही. लहानपणापासून माणसं ओळखायला त्याने हाच मार्ग धरलाय, पत्र आलं की त्याला माणूस दिसतो. मग सीक्रेट ऑफिसने वाटेत उघडलेलं एक पत्र त्याच्यासमोर ठेवणं अगदी साहजिक वाटतं.

चौथं, चुकीची किंमत कोण मोजतं ते बघा. हे फार लेखक विसरतात. हिरोने धक्का मारून ताटं पाडली, सगळे हसले, सीन संपला. पण त्या घरात ताटं उचलणारी मोलकरीण आहे, फुटलेल्या चिनी भांड्यासाठी तिच्या पगारातून पैसे कापले जाऊ शकतात. तुमचा हिरो जर पुढच्या पानावर स्वयंपाकघराच्या जिन्याने खाली जाऊन "ते मी फोडलं, तिचा काही दोष नाही" असं सांगत नसेल तर तो वेंधळा नाही, बेफिकीर आहे, आणि बेफिकीर माणसावर प्रेम बसत नाही. हिरोईनला तो पहिल्यांदा आवडावा तो अशाच एखाद्या क्षणी, खाली जाताना दिसल्यामुळे. शिवाय प्लॉटसाठी फायदा असा की नोकरमाणसं त्याची बाजू घेतात, आणि त्या घरांमधली खरी माहिती त्यांच्याकडेच असते.

पाचवं, त्याला स्वतःची लाज वाटू द्या पण कीव नको. आणि त्याला एक नैतिक काटा द्या. त्या काळात दुसऱ्याचं पत्र वाचणं सभ्य माणसाला शोभत नाही असं मानलं जायचं, हेरगिरी तर त्याहून वाईट. ऑगस्टसने अट घातलीय की मी अक्षर बघेन, मजकूर वाचणार नाही. तो खरंच कागद उलटा धरून बघतो. हा एक तपशील पुढे दहा ठिकाणी कामाला येतो.

हिरोईनला स्वतःचं काम द्या

ती हिरोला सावरायला जन्मलेली नाही. तिचा स्वतःचा प्रश्न हवा, आणि तो हेरगिरीच्या प्रश्नाला नकळत चिकटलेला हवा. इथे टपालाचे नियम उपयोगी पडतात, आणि मला हे नियम इतके आवडतात की जरा सविस्तर सांगते.

पत्राचे पैसे साधारणपणे पत्र घेणाऱ्याने द्यायचे. दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर, दोन कागद म्हणजे दुप्पट. म्हणून पाकीट नसायचंच, त्याचाही एक कागद मोजला गेला असता. पत्राचाच कागद घडी घालून सील करायचा, आणि जागा वाचवायला लोक एकदा आडवं लिहून मग त्याच कागदावर उभं लिहायचे. पण खासदार आणि लॉर्ड लोकांची पत्रं फुकट जायची. त्यासाठी पूर्ण पत्ता, गाव आणि तारीख खासदाराने स्वतःच्या हाताने लिहून सही करायची, याला फ्रँक म्हणायचे. दिवसाला दहाच पत्रं अशी पाठवता यायची, अकराव्याला पैसे पडायचे. ओळखीपाळखीचे लोक सारखे "तेवढं एक फ्रँक करून द्या ना" म्हणून मागे लागायचे. आणि खोटा फ्रँक करणं हा गंभीर गुन्हा होता, सात वर्षं समुद्रापार हद्दपारीची शिक्षा.

आता बघा. हेनरिएटाचे वडील खासदार आहेत, त्यांचा हात थरथरतो, वर्षभरापासून त्यांना धड लिहिता येत नाही. हे कळलं तर लोक म्हणतील यांचं वय झालं, यांनी जागा सोडावी. म्हणून ती वडिलांच्या अक्षरात, थरथरीसकट, रोज फ्रँक करते. वडिलांवरच्या मायेपोटी केलेला गुन्हा. आणि डीलला जाणाऱ्या त्या संशयित पत्रावर फ्रँक आहे तिच्या वडिलांचा. ऑगस्टस तो बघून एका क्षणात सांगतो, हे त्यांचं अक्षर नाही. त्याचा एकुलता एक हातखंडा थेट तिच्याकडे बोट दाखवतो. प्रेम आणि हेरगिरी इथे एका गाठीत आली, वेगळा "गैरसमज" घुसडायची गरज उरली नाही.

ती काय शोधते? तिची डीलची मैत्रीण चिडून कळवते की तुझ्या पत्राला मला पैसे भरावे लागले. हेनरिएटा रोजचे फ्रँक मोजून करते, त्या दिवशी दहाच केले होते. म्हणजे अकरावं कुणीतरी घातलं. हे तिचं तिनेच, घरबसल्या, डोक्याने शोधलेलं. आता दोघांकडे अर्धी-अर्धी गोष्ट आहे आणि दोघांनाही एकमेकांना सांगायची चोरी आहे. इथून पुढची दीडशे पानं आपोआप ओढली जातात.

समाजाचे नियम हाच तुमचा पहारा

हेरकथेत भिंती, कुलपं, पहारेकरी लागतात. रीजन्सीत ते काम शिष्टाचार करतात. लग्न न झालेली मुलगी साखरपुडा झाल्याशिवाय पुरुषाला पत्र लिहू शकत नाही. एका रात्रीत एकाच पुरुषाबरोबर दोनपेक्षा जास्त नाच नाचली तर लोक लग्नाची तारीख विचारतात. सेंट जेम्स स्ट्रीटवर पुरुषांचे क्लब आहेत, तिथून चांगल्या घरातली मुलगी एकटी गेली तर बोभाटा. म्हणजे तातडीचा निरोप आहे, आणि तो पोचवायला दोघांकडे एक नाच आहे, त्यातही त्या काळच्या लांबलचक रांगेच्या नाचात बराच वेळ नुसतं उभं राहून आपली पाळी यायची वाट बघायची असते. बोलायला मिळतं ते त्याच वेळात, आणि शेजारचं जोडपं ऐकतंय. असा सीन पाठलागापेक्षा जास्त धडधड देतो.

ऑल्मॅक्स हा किंग स्ट्रीटवरचा नामांकित बॉल तुम्हाला घ्यावासा वाटेलच. बुधवारी रात्री, प्रवेश ठरावीक उच्चभ्रू बायकांच्या मंडळाने दिलेल्या व्हाउचरवर, पुरुषांना गुडघ्यापर्यंतच्या विजारी सक्तीच्या, आणि खायला पातळ ब्रेड-बटर, साधा केक, लेमोनेड. दारू नाही. माझ्या उदाहरणात तो पुढच्या, मे-जूनच्या भागात येतो, फेब्रुवारीत खाजगी घरातल्या पार्ट्याच ठेवल्यात.

हिरोला हस्ताक्षरांचे नमुने गोळा करायचे आहेत तर ते कुठे मिळतील? कुठल्या नाचाला कोण जोडीदार हे नोंदवायची डान्स कार्डं लिहू नका, ती इंग्लंडमध्ये सर्रास यायला अजून वेळ आहे. पण मुलींच्या अल्बममध्ये पाहुणे कविता उतरवतात. पत्त्यांत हरलेले लोक चिठ्ठीवर रक्कम लिहून देतात. व्हाइट्स क्लबमध्ये पैजांची वही आहे, त्यात सभासद वाट्टेल त्या पैजा नोंदवतात. एकेका नमुन्यासाठी एकेक प्रसंग, आणि प्रत्येक प्रसंगात एक कोपर.

एक सीन जवळून

बर्फ वितळलाय, कुणाच्या तरी घरी संध्याकाळ. अल्बम फिरतोय. ऑगस्टसला ज्या पानाची नक्कल हवी ते समोर आहे.

> त्याने पान नीट दिसावं म्हणून मेणबत्ती जवळ ओढली. मेणबत्तीबरोबर टेबलक्लॉथ आला, टेबलक्लॉथबरोबर दौत.
>
> "नाही, नाही, नाही," ऑगस्टस म्हणाला, जणू शाई ऐकणार होती.
>
> हेनरिएटाने शाई टिपायच्या वाळूची डबी अख्खी त्या पानावर उपडी केली. "हलू नका. तुम्ही हललात की अजून काहीतरी पडेल."
>
> तो हलला नाही. वाळू काळी होत गेली. पानाचा खालचा कोपरा तेवढा वाचला, तारखेचा.
>
> "माफ करा, मिस..." त्याला नाव आठवेना. मग त्याने तो कोपरा पाहिला आणि चेहरा उजळला. "मिस हेनरिएटा! तुमचा 'एफ' वरून खाली येताना थांबतो. सगळ्या लंडनमध्ये एकटा तुमचाच."
>
> तिची बोटं वाळूत थांबली. तिने त्या अल्बममध्ये स्वतःच्या नावाने काहीच लिहिलेलं नव्हतं. वडिलांच्या नावाने लिहिलं होतं.

बघा काय काय झालं. पुरावा गेला (हेरगिरी मागे). त्याला उत्तर मिळालं पण त्याला त्याचा अर्थ अजून कळला नाही. तिला कळलं की हा माणूस धोकादायक आहे. आणि तरीही इतक्या बारकाईने आजवर कुणी तिच्याकडे पाहिलेलं नाही. एका सांडलेल्या दौतीने चार कामं केली. तुमच्या प्रत्येक मोठ्या फजितीला हाच प्रश्न विचारा, हिने किती कामं केली? उत्तर एकच आलं, "हसवलं", तर ती फजिती काढा किंवा दुसरीत मिसळा. पूर्ण कादंबरीत सहा-सात मोठ्या फजित्या पुष्कळ होतात.

त्यांचा चढही सांभाळा. सुरुवातीच्या नुकसान करतात. मधली एक, फक्त एकच, योगायोगाने वाचवते, दुसऱ्यांदा असा योगायोग वाचक माफ करत नाही. शेवटच्या दोनांत हेनरिएटा त्याला इतकी ओळखायला लागलेली असते की तो कुठल्या बाजूला कलंडणार हे तिला आधीच माहीत असतं आणि ती त्या हिशेबाने उभी राहते. माझ्या मते या प्रकारच्या कादंबरीत प्रेम दाखवायची याहून चांगली जागा नाही.

क्लायमॅक्स : चूक फिरवा

२१ फेब्रुवारी. नेपोलियन मेल्याची अफवा. ऑगस्टस ती रस्त्यात ऐकतो, आनंदाने धावत सुटतो आणि भलत्याच दिवाणखान्यात शिरून जाहीर करतो, कारण चेहरे ओळखू येत नाहीत. त्या दिवाणखान्यात खरा गुन्हेगार बसलाय. त्याच्या दृष्टीने नेपोलियन मेला म्हणजे त्याचं गिऱ्हाईक मेलं, आता कागद जाळायचे आणि पळायचं. तो घाईने उठतो, आणि उठतानाच उघडा पडतो. खोटी बातमी इतिहासाने दिली, भलतं घर हिरोच्या स्वभावाने, आणि गुन्हेगाराची घाई त्याच्या लोभाने. तिन्हीतलं काहीही आपण वरून चिकटवलेलं नाही.

मग अर्धवट जळलेलं, फ्रँक असलेलं पत्त्याचं एक पान हाती येतं आणि ऑगस्टस ते उलटं धरून बघतो. हेनरिएटा वडिलांची थरथर नक्कल करते ती फक्त खाली येणाऱ्या रेघांत. या कागदावर थरथर सगळीकडे आहे. म्हणजे हे तिचं नाहीच, तिच्या नकलेची कुणीतरी केलेली नक्कल आहे. ज्या हातखंड्याने तिला अडकवलं त्यानेच ती सुटते. गुन्हेगार कोण ठेवायचा ते तुम्ही ठरवा, पण तो रोज त्या घरात येणारा, फ्रँक मागणारा, सगळ्यांशी गोड असा असावा, आणि त्याला निदान तीन सीनमध्ये वाचकाने आवडून घेतलेलं असावं.

पैसा कुठून आला हे माहीत असू द्या

मराठी लेखकाकडे इथे एक गोष्ट आहे जी बाकीच्यांकडे सहज नसते. वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली जो २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढला. रीजन्सीच्या दिवाणखान्यात कंपनीची नोकरी करून गबर होऊन परतलेले काका असतातच, बायकांच्या खांद्यावर काश्मिरी शाली असतात, नौदलातली काही जहाजं मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी सागवानात बांधलेली आहेत. १८१४ मध्ये पुण्यात एल्फिन्स्टन रेसिडेंट आहे आणि बाजीरावाच्या दरबारातल्या बातम्या काढतोय. हिरोचा भाऊ पुण्यात ठेवलात तर त्याचं पत्र आफ्रिकेच्या टोकाच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून पाचसहा महिन्यांनी येणार, हाही प्लॉटसाठी मजेदार उशीर आहे. या सगळ्यावर भाषण नको. पण एखाद्या पात्राने शालीवर हात फिरवताना ती कुठून आली हे लेखकाला ठाऊक असलं की वाक्य वेगळं पडतं.

बोलणं कसं ठेवायचं

मराठीत लिहिताना पेशवाईतली दरबारी भाषा आणू नका, "जी सरकार" म्हटलं की वाचक थेट शनिवारवाड्यात पोचतो. साधी, थोडी जुन्या वळणाची सभ्य मराठी ठेवा. अनोळखी लोक अहो-जाहो, आईवडील मुलांना अरे-तुरे, नोकर मालकाला अहो आणि "सर". हिरो-हिरोईन शेवटपर्यंत "तुम्ही" वरच राहू देत आणि कादंबरीत एकदाच, भीतीच्या क्षणी, तिच्या तोंडून "तू पडशील" असं निसटू दे. तेवढ्यासाठी तीनशे पानं "तुम्ही" सांभाळायचं.

पदव्या पटकन : ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन हे लॉर्ड. बॅरोनेट आणि नाइट हे "सर", आणि सरच्या पुढे पहिलं नाव लागतं, आडनाव एकटं कधीच नाही. ऑगस्टसला मी बॅरोनेट केलंय, कारण तो लॉर्ड असता किंवा खासदार असता तर त्याला स्वतःलाच फ्रँक करता आला असता आणि हेनरिएटाच्या घरी रोज पत्रं घेऊन जायचं कारणच संपलं असतं.

ड्राफ्ट झाल्यावर

दोन रंगांच्या पेनने वाचा, एका रंगाने हेरगिरी बदलते त्या ओळी, दुसऱ्याने नातं बदलतं त्या. सलग दोन चॅप्टर एकाच रंगाचे दिसले तर तिथे कथा फाटलीय, बहुतेक वेळा मधला एखादा बॉल काढून टाकला की जुळते. मग उजेड तपासा : १८१४ मध्ये गॅसचे दिवे काही रस्त्यांवर आणि वेस्टमिन्स्टर पुलावर आलेत पण घरात मेणबत्त्या आणि तेलाचे दिवेच आहेत, रात्री कुणी दुरून अक्षर वाचत असेल तर खोडा.

शेवटी लग्न. १७५३ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना आईवडिलांची परवानगी लागते, म्हणून हेनरिएटाला बावीस-तेवीसची ठेवा, नाहीतर स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीनला पळून जाण्याचा आणखी एक प्रवास लिहावा लागेल. चर्चमध्ये सलग तीन रविवार नावं पुकारायची, किंवा लायसन्स काढायचं. आणि कँटरबरीच्या आर्चबिशपचं स्पेशल लायसन्स नसेल तर लग्न सकाळी आठ ते दुपारी बारा यातच लागायला हवं. ऑगस्टसला साधं लायसन्स द्या, आणि चर्च चुकीचं गाठू द्या. बाराच्या आत त्याला बरोबर चर्चमध्ये आणायचं काम त्या मोलकरणीला द्या, जिच्यासाठी तो पहिल्या भागात जिना उतरून खाली गेला होता.